तीन जागचा टंच

माझ्या पाकिटात अजून एक गुलाबी चिठ्ठी आहे. तिच्यावर निळ्या बॉलपेननं ७८.५० असा आकडा लिहिलाय आणि खाली एक सही आहे. प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवल्यामुळे शाई उडालेली नाही. उडाली असती तर बरं झालं असतं. आकडा खोटा आहे, सही खरी आहे, आणि या खऱ्या माणसाला तो खोटा आकडा मी लिहायला लावला.

ही सही ज्यांची, त्यांना आम्ही टंचवाले काका म्हणायचो. कोल्हापूरजवळ हुपरीत त्यांचं दुकान होतं. हुपरीत घरोघरी चांदीची पैंजणं बनतात. पण त्याआधी लगडीत, म्हणजे ओतलेल्या विटेत, चांदी किती आणि तांब्याची भेसळ किती, हे कुणीतरी सांगावं लागतं. शंभरात किती चांदी, तो तिचा टंच. काका छिन्नीनं लगडीचे तीन बारीक तुकडे काढायचे, एक कोपऱ्यातला, एक पोटातला, एक बुडातला. ते तेजाबात विरघळवायचे, वरून मिठाचं पाणी थेंबथेंब सोडायचे, भांड्यातलं पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं आणि त्यावरून हिशोब करून आकडा गुलाबी चिठ्ठीवर लिहायचे. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांच्या उजव्या हाताची बोटं काळी पडली होती. बशीतून चहा पिताना ती बोटं समोर यायची आणि नवख्या माणसाला वाटायचं, यांनी हात धुतले नाहीत.

हा माणूस हिप हॉप ऐकायचा. साठीचा, पांढरा शर्ट, पायांत करकर वाजणाऱ्या चपला आणि एकाच कानात इअरफोन. दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. तुकडा तेजाबात विरघळेपर्यंत वेळ जायचा, तेवढ्यात ऐकायला म्हणून भाच्यानं मोबाईलमध्ये गाणी भरून दिली होती, त्यात कुठूनतरी रॅप आलं. भजन ऐकलं की रडू येतं आणि लावणी ऐकली की आकडा चुकतो, अशी त्यांची तक्रार होती. रॅपचं मात्र जमलं.

"सूर म्हंजे पॉलिश," ते म्हणायचे. "पॉलिश काढल्याबिगर मला टंच कळत न्हाई. हितं पॉलिशच न्हाई. माणूस नुस्ता बोलतोय. खोटं बोलाय लागला की लगीच तांबं दिसतंय."

अमेरिकेतलं ऐकायचे, पंजाबातलं ऐकायचे, मुंबईतलं तर पाठच होतं. इंग्रजी 'थँक्यू'च्या पुढं येत नव्हतं. भाषाच कळत नाही तर खरंखोटं कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "लगडीला कुठं भाषा असत्या?"

कोल्हापुरात शाहूपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानामागं माझी रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला गोधडी, एक माईक, एक कॉम्प्युटर. स्वतः रॅप करायचो आणि दुसऱ्यांचंही रेकॉर्ड करून द्यायचो. माझं पहिलं गाणं इंटरनेटवर टाकून आठवडा झाला असेल, एका सोमवारी गोधडी बाजूला करून हे गृहस्थ दारात उभे.

"पावणं, ते बंदुकीचं गाणं तुजं?"

मी छाती फुगवून हो म्हटलं. वाटलं, चाहता आला.

"तुजा बा काय करतो?"

"दूध डेअरीत क्लार्क आहेत."

"मग पोलीस तुज्या मागं कशाला लागल्यात? दूध नासलं म्हणून?"

असे ते माझ्या आयुष्यात आले. समोर कुणीही असो, पहिल्या वाक्यात 'पावणं' आणि दुसऱ्यात 'तू'. त्यानंतर दर सोमवारी हुपरीहून एसटीनं कोल्हापूरला यायचे, तेजाबाचा कॅन भरून घ्यायचे आणि माझ्या खोलीत दोन तास उभे राहायचे. खुर्चीवर कधी बसले नाहीत. बसलं की माणूस उदार होतो, म्हणायचे.

रविवारी संध्याकाळी रंकाळा तलावावर आम्ही पोरं गोल करून रॅप करायचो. तिथं ते क्वचित यायचे, पण आले की धडकी भरायची. कुणी जरा फेकाफेक केली, कधी न पाहिलेल्या गाडीची किंवा न केलेल्या मारामारीची ओळ आली, की मागून खणखणीत आवाज यायचा, "तांबं!" भेळ खाणारी माणसं वळून बघायची. दोन पोरांनी तर एकदा त्यांची कॉलर धरली होती. कॉलर धरलेल्या अवस्थेतही ते म्हणाले, "तांब्याला तांबं म्हटलं की ठिणगी उडतीच." पुढं आमच्यात तो शब्दच रूढ झाला. आम्ही गाणं लिहिताना स्वतःशीच पुटपुटायचो, इथं काका ओरडतील.

आणि चिठ्ठ्या. कुणी मागितल्या नव्हत्या. जिल्ह्यात कुणाचा अल्बम आला की काका तो तपासायचे आणि दुकानातल्या त्याच वहीतली गुलाबी चिठ्ठी फाडून, आकडा लिहून, सही करून त्या पोराच्या हातात ठेवायचे. त्यावर चर्चा नाही. चाळीसच्या घरात आकडा आला म्हणून एक जण महिनाभर बोलत नव्हता, आणि साठ ओलांडलेल्या एकानं चिठ्ठी फ्रेम करून घरात लावली.

तपासायची पद्धत लगडीचीच. आख्खा अल्बम ते कधीच ऐकायचे नाहीत. "आक्खी लगड वितळवून कोण बघतंय?" सोमवारी माझ्या कॉम्प्युटरपाशी उभे राहून काळ्या बोटांनी माऊस धरायचे. तिसऱ्या गाण्याची सुरुवात, पाचव्याचा मध्य, शेवटच्या गाण्याचं शेवटचं मिनिट. कोपरा, पोट, बूड. प्रत्येक वेळी त्याच तीन जागा. मी शेजारी बसलेला असायचो. चारपाच अल्बमांत मला त्या पाठ झाल्या आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

खोलीत आणखी एक जण असायचा. अनिकेत. कबनूरचा. तिथं एका यंत्रमागाच्या कारखान्यात चार माग बघायचा. सोमवारी त्याला सुट्टी, म्हणून कोपऱ्यात पोत्यावर बसून हेडफोन लावून आपली गाणी कापत-जोडत बसायचा. तो बोलायचा कमी. सगळे त्याला सांगायचे, मागाचा खटखट आवाज घाल की बीटमध्ये, नादखुळा होईल. तो म्हणायचा, "दिवसभर त्योच ऐकतोय की. अजून कशाला?"

त्याच्या आईला ऐकू येत नव्हतं. तीस वर्षं मागावर काढल्यावर कान राहत नाहीत. अनिकेतनं अख्खा अल्बम तिच्यावर केला होता. 'दोनदा सांगतो' असं नाव. तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते, म्हणून. तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला पाऊण मिनिट नुसत्या पायऱ्यांवरच्या चपलांचा आवाज. पाचव्या गाण्याच्या मध्यात तो थांबतो आणि आईचा आवाज येतो, "आं? काय म्हणलास?" शेवटच्या गाण्याच्या शेवटी तो एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत राहतो, जेवलीस का, जेवलीस का, आवाज चढवत चढवत. मी त्याला म्हटलं होतं, "तो चपलांचा आवाज काढून टाक रे, माणूस कंटाळून पुढं जाईल." त्यानं मान हलवली, पण काढला नाही.

एरवी आमच्या जिल्ह्यातून वर्षाला दोनतीन अल्बम यायचे. त्या वर्षी सात आले. काय झालं होतं कुणास ठाऊक, सगळ्यांना एकदम कंठ फुटला. पन्हाळ्याच्या एका पोरीनं गडावर कणसं खाऊन कचरा टाकणाऱ्या पर्यटकांची खरडपट्टी काढली होती. सीमेकडचा एक जण अर्धं कानडीत अर्धं मराठीत असं बोलायचा की दोन्हीकडचे चिडायचे. तसं वर्ष पुन्हा आलं नाही, आणि ते नासवण्यात माझा हात आहे.

पुण्यातल्या एका मोठ्या कार्यक्रमाच्या लोकांचा मला फोन आला. तुमच्याकडे यंदा फार जोरात चाललंय म्हणे, वर्षातला सर्वांत चांगला अल्बम कोणता ते तुम्हीच एकमतानं ठरवून कळवा, त्याला स्टेजवर वीस मिनिटं देऊ. एकमतानं! कोल्हापुरात! दोन दिवस व्हॉट्सॲपवर एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार झाला. शेवटी पन्हाळ्याची पोरगीच म्हणाली, काकांच्या चिठ्ठीवर सोडूया. सगळ्यांनी अंगठा टाकला. त्या माणसावर कुणाला संशय घेता येत नव्हता.

तोवर सहा अल्बम आले होते, इतके एकापाठोपाठ की काकांनी अजून एकही तपासला नव्हता. सातवा माझा, आणि तो अर्धाच झाला होता. घरी वडिलांनी सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर खोली सोडायची, डेअरीत चिकटवतो. पुण्याची ती वीस मिनिटं मिळाली तर खोली राहणार होती. नाहीतर संपलंच. आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं खरं असं थोडंच होतं. वडील ऑफिसात माझ्याबद्दल विचारलं की 'कॉम्प्युटरचं काहीतरी करतो' म्हणतात, त्यावर एक कडवं होतं. अशीच आणखी दोन. बाकी सगळं जुनं बंदुकीचं भंगार, नवीन बीटवर चढवलेलं.

मग एका दुपारी मी ती तीन कडवी उचलली आणि एक तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला, एक पाचव्याच्या मध्यात, एक शेवटच्या मिनिटात बसवलं. इतकंच केलं. अर्धा तास लागला. कुणाचं काही चोरलं नाही, असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं.

काकांनी सांगितलं होतं, नाव नको, सात पाकिटांत सात पेनड्राइव्ह आणि वर नुसता नंबर. आवाज ओळखू येईलच की, असं कुणीतरी म्हटलं. "लगड कुणाची ते मला वासावरनं कळतं. म्हणून टंच बदलतो व्हय?" आम्ही सगळे हुपरीला गेलो. ते आत भाच्याच्या लॅपटॉपसमोर उभे, आम्ही दुकानाच्या पायरीवर दाटीवाटीनं. दोन तासांनी सात चिठ्ठ्या घेऊन बाहेर आले.

अनिकेतला ७८.००. मला ७८.५०.

पोरांनी मला उचललं. काका गर्दीतून पुढं आले, त्या काळ्या बोटांनी माझा हात धरला आणि सोडेनात. "पावणं," त्यांचा आवाज वेगळाच होता, "बाच्यावर बोललास. बरं केलंस. त्या दूध नासलेल्या पोरानं ह्ये केलं, मला लई बरं वाटलं." त्यांच्या तोंडून आम्ही कुणीच कधी कौतुक ऐकलं नव्हतं. अनिकेतनं आपली चिठ्ठी दोन घड्या करून खिशात ठेवली आणि मला म्हणाला, "चल, च्या पिऊ."

पुण्यात काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तिथं काही झालंच नाही. त्या तीन जागी लोक ऐकत होते. बाकीच्या वेळात खाण्याच्या स्टॉलकडे निघून जात होते. वीस मिनिटांत मला तीनदा कळलं की मी काय करू शकलो असतो.

परत आल्यावर पुढच्या सोमवारी काका आले ते नेहमीसारखेच, कॅन भरून, दोन तास उभे राहून गेले. आणि दोनेक तासांनी पुन्हा दारात. घामाघूम. कॅन बाहेरच ठेवलेला. अनिकेत त्या दिवशी नव्हता.

"वाटंत पट्टणकोडोलीला उतरलो," ते म्हणाले. "माघारी आलो."

"काय झालं काका?"

"आज यष्टीत तुजं आक्खं लावलं. सुरवातीपासनं. तपासायला न्हवं. आवडलं हुतं म्हणून. आजवर कुणाचं आक्खं ऐकलं न्हवतं मी." ते थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खुर्चीवर बसले. "छिन्नीच्या जागी चांदी भरायची आन् बाकी लगडीत तांबं. हुपरीत ही चोरी शेंबडं पोरगं बी वळखतंय. लगडीवरच्या जागा मी रोज बदलतो, कवा ह्यो कोपरा, कवा त्यो. गाण्याच्या न्हाई बदलल्या. म्हटलं, गाण्यात कोण कशापायी फसवंल?"

"काका, बाकीची गाणी पण अगदीच वाईट नाहीत."

"ज्येला चांदी कळत न्हाई, त्येला मी कवाच बोल लावत न्हाई. तुला कळती. तीन जागी बरोब्बर घातलीस. म्हंजे बाकी समदं तांबं हाय, ह्येबी तुला ठावं हुतं."

मला रडू आलं नाही. भीती वाटली. मी त्यांचे पाय धरले आणि म्हटलं, काका, कुणाला सांगू नका. याची मला आजही इतकी लाज वाटते की पाय धरण्याआधी मी गोधडी नीट ओढून घेतली होती, हेसुद्धा आठवतं.

"टंच माजा चुकला," ते उठत म्हणाले. "सांगायचं काम माजं."

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. वाटलं, आता सगळ्या जिल्ह्यात माझी छी-थू होणार. पण काकांनी माझं नाव घेतलंच नाही. बाकी सहाही जणांचे अल्बम त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले, एसटीनं प्रत्येकाच्या गावी गेले, नव्या चिठ्ठ्या हातात दिल्या आणि सगळ्यांना एकच सांगितलं, "कान दगा द्याय लागलाय माजा. माफी करा."

रविवारी रंकाळ्यावर पोरं हसली. म्हातारा बहिरा झाला, कुणीतरी म्हणालं. मी तिथंच होतो. मी पण हसलो.

ही गोष्ट हुपरीला पोचायला वेळ लागला नाही. टंचवाला स्वतःच म्हणतो माझं चुकतं, मग त्याच्याकडे लगड कोण घेऊन जाणार? गावात मशिनं आलीच होती, पैंजण ठेवलं की पडद्यावर आकडा. काकांनीच एके दिवशी दुकानावरची पाटी उतरवली. गाण्यात फसलो म्हणजे चांदीतही कधीतरी फसलो असणार, असं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं म्हणे. चाळीस वर्षांत ज्याची एक चिठ्ठी कुणी परत आणली नव्हती, त्या माणसानं असं म्हणावं! मी एक वाक्य बोललो असतो तर ती पाटी राहिली असती. मी बोललो नाही. दिवाळीनंतर खोलीही गेली. आता डेअरीत दुधाची फॅट मोजतो. नमुना घ्यायच्या आधी कॅन तळापासून ढवळायचा असतो. मी इतका ढवळतो की गवळी वैतागतात.

तीन वर्षांनी, गेल्या महिन्यात, हुपरीला गेलो. काका ओट्यावर बसले होते. कानात काही नव्हतं. मला बघून त्यांनी ओळखलं आणि 'पावणं' म्हणाले नाहीत.

"कबनूरच्या पोराला भेटलास?"

"नाही."

"मग हिकडं कशाला आलास?" एवढंच म्हणून ते उठून आत गेले. बराच वेळ थांबलो. कुणी बाहेर आलं नाही.

तिथून तसाच कबनूरला गेलो. अनिकेत अजून त्याच कारखान्यात आहे, चारच्या जागी सहा माग बघतो. रॅप सोडून दिलंय. इतक्या आवाजात एकमेकांशी बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यानं जवळचे दोन माग बंद केले आणि मला भिंतीपाशी नेलं. भिंतीवर बटणांच्या बोर्डाशेजारी दोन गुलाबी चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. एकीवरचा ७८.०० खोडलेला. दुसरीवर ८६.२५, आणि खाली काकांच्या अक्षरात: 'आख्खे ऐकून.'

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि तीन वर्षं पोटात ठेवलेलं ओरडून सांगितलं. "मला त्यांच्या तीन जागा माहीत होत्या! म्हणून मी जिंकलो!"

"मला बी ठावं हुत्या की," तो म्हणाला. "सोमवारी मी कुठं बसायचो?"

पोत्यावर. कोपऱ्यात. माझ्या पाठीमागं. स्क्रीन त्याला माझ्याइतकीच दिसत होती.

"मग तू का नाही तसं केलंस?" मी ओरडलो.

त्यानं बंद मागावरचा तुटलेला धागा शोधला, बोटांनी पीळ देऊन गाठ मारली, उरलेलं टोक दातांनी तोडलं.

"तिसऱ्याच्या सुरवातीला आई जिना चढत्या," तो म्हणाला. "तिला वेळ लागतोय. तिथं दुसरं काय घालणार?"

आणि त्यानं माग सुरू केला.